जामीन मंजूर होऊनही माणूस आतच का राहतो?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तुमच्या चुलत्यांच्या शेतावर कामाला असलेला, मूळचा दुसऱ्या जिल्ह्यातला एक मजूर विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याच्या आरोपाखाली पकडला गेला. कोर्टाने 25,000 रुपयांचा जामीन मंजूर केला. त्याला तीन महिने झाले तरी तो तुरुंगातच आहे, हे कसं, हा पहिला. आणि 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू होऊनही असं घडत असेल तर सुधारणा नेमकी कुठे करायची, कायदा बदलून, न्यायाधीश वाढवून की पोलीस सुधारून, हा दुसरा.

मी बरीच वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टांत आरोपींच्या बाजूने काम करते, त्यातली काही विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनेलवर. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासून घेता येईल. तुमच्या मजुराला सोडवायला लागतो तेवढा कायदा आपल्याकडे 1978 पासून आहे. कोर्टाचा आदेश आणि तुरुंगाचं दार यांच्या मधल्या वाटेला मात्र कोणी धनी नाही. त्या वाटेवर माणूस अडला तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेलं नाही. सुधारणेची सुरुवात मी तिथून करीन.

आधी तुमच्या माणसाचं बघू. फाइल न पाहता त्याचं नेमकं कारण सांगता येणार नाही, कारण असं अडकण्याच्या तऱ्हा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा.

बहुतेक वेळा आदेशात 'तेवढ्याच रकमेचा एक सक्षम स्थानिक जामीनदार' असं लिहिलेलं असतं आणि तसा जामीनदार मिळत नाही. दुसरी शक्यता अशी की त्याच्यावर आणखी गुन्हे आहेत. चोरीत बाहेरगावचा माणूस हाती लागला की आजूबाजूच्या पोलीस ठाण्यांना आपल्याकडच्या उघडकीस न आलेल्या मोटारी आणि केबल आठवू लागतात. मग एका ठाण्याचं काम संपलं की दुसरं ठाणं प्रोडक्शन वॉरंटवर त्याला तुरुंगातून ताब्यात घेतं. कोर्टाच्या आवारात याला 'आरोपी वर्ग करून घेतला' म्हणतात. कधी खरंच त्याचा हात असतो, कधी फक्त ठाण्याचा उघडकीचा आकडा सुधारतो. पण प्रत्येक गुन्ह्यात जामीन वेगळा, जामीनदार वेगळा. घरचे एका गुन्ह्यातला आदेश घेऊन तुरुंगावर जातात आणि दारावरूनच परत येतात. तिसरी शक्यता, जामीनदार उभा राहिला पण त्याच्या कागदांची पडताळणी अडली. आणि चौथी ऐकायला विचित्र वाटेल, पण मी ती पाहिलेली आहे: आपल्याला जामीन मंजूर झालाय, हे आतल्या माणसाला कोणी सांगितलेलंच नसतं.

यातली पहिली शक्यता धरून पुढे जाते, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

'25,000 चा जामीन' म्हणजे 25,000 रुपये भरायचे, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. आरोपी जातमुचलका देतो, म्हणजे तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढी रक्कम भरीन, असं लिहून देतो. जामीनदार म्हणजे त्या शब्दामागे आपली ऐपत उभी करणारा तिसरा माणूस. पैसे लगेच कोणीच भरत नाही. पण ऐपत कागदावर दाखवावी लागते: सातबारा, आठ-अ, नाहीतर घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक, शिवाय आधार, रेशनकार्ड, फोटो. काही कोर्टं तहसीलदारांचा ऐपतदाखलाही मागतात. आजवर कोणाकोणाला जामीन राहिला आहात, हेही लिहून द्यावं लागतं. यात एक दिवस मोडतो, कधी दोन. पुढे आरोपी तारखेला आला नाही तर नोटीस जामीनदाराच्या घरी.

आता ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा सालाने शेतावर आलेल्या माणसासाठी हे कोण करणार? त्याच्या ओळखीतल्या माणसांकडे सातबारा नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांना फिर्यादीशी वाकडेपण नको असतं. तुमचे चुलते जामीन राहायला तयार आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी दोष देत नाही. ज्याची मोटार गेली तो बांधाला बांध लागून असलेला शेजारी असेल, तर गावात राहणाऱ्या माणसाला हा विचार करावाच लागतो. पण ज्या व्यवस्थेत सुटका होणं न होणं शेजाऱ्याच्या मर्जीवर लोंबकळतं, तिला कायद्याची व्यवस्था म्हणणं मला जड जातं.

जिथे खरा जामीनदार मिळत नाही तिथे विकतचा मिळतो. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारी माणसं असतात, त्यांचे सातबारे कधी खोटे असतात, तर कधी खरे असून एकाच वेळी अनेक कोर्टांत लावलेले. असं प्रकरण उघडकीला आलं की न्यायाधीश कडक होतात: पोलिसांमार्फत पडताळणी, ऐपतदाखला सक्तीचा, स्थानिकच जामीनदार हवा. त्या कडकपणाचा फटका विकतच्या जामीनदाराला बसत नाही, त्याला कागद जमवता येतात. बसतो तो परगावाहून खरा सातबारा घेऊन आलेल्या भावाला.

न्यायदंडाधिकाऱ्यांवर सगळं ढकलणं सोपं आहे, मला ते पटत नाही. त्यांच्या खुर्चीवरून बघा. आरोपी सुटला आणि गायब झाला तर खटला तिथेच थांबतो. वॉरंट निघतं, 'मिळून आला नाही' असा शेरा येऊन परत येतं, साक्षीदार येऊन हात हलवत जातात, आणि ती फाइल वर्षानुवर्षं प्रलंबितच्या यादीत बसून राहते. उलट आरोपी चार महिने जादा आत राहिला तर न्यायाधीशाला कोणीच काही विचारत नाही. एका बाजूच्या चुकीचा हिशोब होतो, दुसऱ्या बाजूच्या चुकीचा होत नाही. अशा वेळी माणूस सावधच वागणार.

पण जामीनदार घेतला की आरोपी हजर राहतो, हे गृहीतक कितपत खरं? माझ्या पक्षकारांपैकी जे तारखा चुकवतात ते पळून गेलेले क्वचितच असतात. हंगामासाठी कुटुंबासह दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात, तारीख कळलेली नसते, नाहीतर एसटीचे पैसे आणि दिवसाची मजुरी दोन्ही एकदम सोडणं परवडत नाही. आदल्या दिवशी ऑफिसातून एक फोन गेला की यातले बरेच जण हजर होतात. जामीनदाराची त्यात काही भूमिका मला दिसलेली नाही. बंधपत्र, म्हणजे मुचलका, देऊन सुटल्यावर पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या) कलम 269 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षेचा. म्हणजे धाक हवा असेल तर तो कायद्यात आहेच.

कायदा 1978 पासून आहे असं म्हटलं, ते कशावरून? त्या वर्षी मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मोतीराम गवंडी होता. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडून 10,000 रुपयांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहायला आला तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1,000 रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर त्याला सोडायला सांगितलं आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. तुमच्या मजुराची कथा आणि ही, यांच्यात फरक काय तो गवंडीकाम आणि शेतीकामाचा.

पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, हुसैनारा खातून प्रकरण आलं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कैदी, होते की गुन्हा शाबीत होऊन मिळाली असती त्याहून जास्त शिक्षा त्यांनी खटल्याआधीच भोगली होती. हे वर्तमानपत्रातून पुढे आणलं पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी, जे मूळचे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे, आणि याचिका केली वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी. जलद खटला हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्या प्रकरणात स्पष्ट झालं. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेली यादी. आरोपीला जातमुचलक्यावर सोडायचं की नाही हे ठरवताना काय पाहावं: तो किती वर्षं त्या ठिकाणी राहतो, काम काय करतो, घरी कोण आहे, गावात नाव कसं आहे, आधीचे गुन्हे आहेत का, आधी कधी तारीख चुकवली आहे का, त्याच्याबद्दल शब्द देणारं कोणी भलं माणूस आहे का.

किती साधे प्रश्न आहेत हे! पण ते विचारणार कोण? रिमांडच्या वेळी न्यायाधीशांसमोर एकच कागद असतो, तपासी अंमलदाराचा रिमांड रिपोर्ट. त्यात आरोपी घरात कर्ता एकटाच आहे, आठ वर्षं एकाच मालकाकडे कामाला आहे, असं कधी लिहून येत नाही. ते लिहिणं पोलिसांचं काम नाही. लोकअभिरक्षक (गरीब आरोपींसाठी विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला वकील) किंवा पॅनेलवरचा वकील आरोपीला भेटतो तो बऱ्याचदा कोर्टाच्या व्हरांड्यात, पाच मिनिटं. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, म्हणजे आरोपीच्या घरची परिस्थिती पाहून कोर्टाला अहवाल देणारे अधिकारी, 1958 च्या कायद्यापासून आहेत, पण त्यांचं बहुतेक काम मुलांच्या प्रकरणांत जातं. म्हणजे यादी आहे, ती भरणारा हात नाही. मला एकच नेमणूक करायला सांगितली तर मी प्रत्येक तालुका कोर्टाला असा एक माणूस देईन जो अटकेनंतर दोन दिवसांत या सात-आठ प्रश्नांची उत्तरं, दोन फोन करून पडताळून, न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवील.

सर्वोच्च न्यायालयाने हा धागा पुन्हा हातात घेतला तो 31 जानेवारी 2023 च्या आदेशात, आणि तो आदेश जवळजवळ तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे. जामीन मंजूर झाला की आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांना ईमेलने जावी आणि त्यांच्यामार्फत कैद्याला मिळावी. तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणकीय नोंद प्रणालीत नोंदवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. सचिवांनी कैद्याच्या परिस्थितीचा अहवाल तयार करवून अट शिथिल करण्यासाठी तो कोर्टापुढे ठेवावा. बाहेर आल्यावर जामीनदार देतो असं कैदी म्हणाला तर कोर्टाने त्याला ठरावीक मुदतीसाठी तात्पुरतं सोडण्याचा विचार करावा. महिनाभरात जामीनदार आला नाही तर कोर्टाने आपणहून अट बदलायची का ते पाहावं. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका लांबते, म्हणून तशी अट लावू नये.

तुमच्या माणसाच्या बाबतीत सातवा दिवस कधीच गेला आणि महिनाही गेला. मग हे झालं का नाही? आदेश काढणाऱ्यांना बहुधा दिसत नाही, पण कारकुनाला रोज दिसतं ते कारण असं. जामीन अर्ज मंजूर झाला की तो 'निकाली' निघतो. रोजनाम्यात पुढची तारीख पडत नाही. कोर्टाच्या मासिक विवरणात एक अर्ज कमी होतो, काम चांगलं झाल्याची नोंद होते. मूळ खटल्याला अजून सुरुवात नसते, कारण दोषारोपपत्र यायचं असतं किंवा नुकतंच आलेलं असतं. म्हणजे तो माणूस सुटला की नाही हे पाहायला कोर्टासमोर कोणताच कागद, कोणत्याच दिवशी, येत नाही. कोर्टाने आपणहून पाहावं म्हटलं तरी काय पाहणार? तुरुंगाच्या बाजूने बघितलं तर माहिती पाठवणं हे तिथल्या एका कारकुनाच्या बाकीच्या पन्नास कामांतलं एक. प्राधिकरणाकडे ईमेल येतो, त्यातल्या यादीत नावं असतात, पण कोणत्या कोर्टाने कोणती अट घातली हे नसतं. सचिव स्वतः न्यायाधीश असतात, त्यांच्याकडे मनुष्यबळ तोकडं. प्रत्येकाने आपलं केलेलं असतं आणि माणूस आतच असतो.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे, आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते: सुटकेचा अहवाल तुरुंगाकडून येईपर्यंत जामीन अर्ज निकाली धरू नका. आदेशाच्या शेवटीच आठव्या दिवसाची तारीख टाका. माणूस सुटला असेल तर त्या दिवशी एका ओळीत फाइल बंद. सुटला नसेल तर ती आपोआप न्यायाधीशांसमोर येईल, सरकारी वकील आणि लोकअभिरक्षक दोघेही हजर असतील, आणि का सुटला नाही हे त्यांना सांगावं लागेल. यासाठी संसदेत जावं लागत नाही, इमारत लागत नाही. आणि मासिक विवरणात 'जामीन मंजूर पण सुटका नाही' असा एक रकाना वाढवा. आपल्याकडे ज्याचा रकाना असतो त्याचीच काळजी घेतली जाते.

निरोप पोचवण्याचा भाग त्या मानाने सुधारलाय, हे मान्य करायला हवं. मुंबईच्या आर्थर रोडसारख्या तुरुंगात सुटकेचे आदेश दारावरच्या पेटीत टाकायचे आणि ती ठरलेल्या वेळी उघडायची, अशी पद्धत होती. पेटी उघडायची वेळ चुकली की एक रात्र जादा. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश थेट इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोचवणारी 'फास्टर' प्रणाली मार्च 2022 मध्ये सुरू झाली. पण तीन महिने अडकलेला माणूस सहसा निरोप न पोचल्यामुळे अडकत नाही, जामीनदार नसल्यामुळे अडकतो, आणि त्यावर सॉफ्टवेअरचा उतारा नाही.

आता नव्या कायद्याकडे. अटक, जामीन आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कच्च्या कैद्यांसाठी कामाचं कलम आहे 479. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप नाही, त्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून गेला की जामीन. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याला एक तृतीयांश काळावर सोडायचं. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिलटकराला एका वर्षावर. आणि त्याला 'बॉन्ड'वर सोडायचं असं लिहिलंय. या संहितेच्या व्याख्येत बॉन्ड म्हणजे जामीनदाराविना दिलेला मुचलका. जामीनदारासह असेल त्याला बेल बॉन्ड म्हटलंय. हा फरक वकीलही बऱ्याचदा वाचून पुढे जातात. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, आणि 1 जुलै 2024 च्या आधीच्या गुन्ह्यांनाही कलम लागू असल्याचं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं.

इथवर उत्तम. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर कोर्ट त्याला या कलमाखाली सोडणार नाही. वर सांगितलेला 'वर्ग करून घेण्याचा' प्रकार इथे आणून ठेवा. ज्याच्यावर चार ठाण्यांनी चार मोटारी टाकल्या, तो सगळ्यात गरीब, सगळ्यात बिनओळखीचा माणूस नेमका या सवलतीतून बाहेर पडतो. माझ्या मते या संहितेतली लगेच दुरुस्त करावी अशी ही तरतूद आहे. निदान एकाच प्रकारचे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे तरी या बंदीतून वगळावेत. जामीनदारांच्या बाबतीत थोडा दिलासा ऑगस्ट 2024 च्या गिरीश गांधी प्रकरणात मिळाला. वेगवेगळ्या राज्यांत 13 गुन्हे असलेल्या आरोपीला तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. प्रत्येक गुन्ह्याला नवा माणूस कुठून आणणार, हे त्यांनी ओळखलं.

हा प्रश्न किती मोठा आहे ते सांगायला एकच आकडेवारी पुरे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. चारातले तीन. तुरुंग क्षमतेच्या 131 टक्के भरलेले. यातले सगळे जामीनदाराअभावी आहेत असं मुळीच नाही. खून, बलात्कार, अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), पीएमएलए (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा) या प्रकरणांत जामीनच अवघड, आणि त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मी जे सांगतेय त्याचा उपयोग थोडाच.

तुम्ही न्यायाधीश आणि पोलीस यांच्याबद्दल विचारलंत. न्यायाधीश हवेतच. विधी आयोगाने 1987 मध्ये 120 व्या अहवालात दर 10 लाख लोकांमागे 50 न्यायाधीश असावेत असं सुचवलं, तेव्हा ते 10 च्या आसपास होते. आज 21 च्या आसपास आहेत. पण नुसतं कोर्ट उघडलं आणि स्टेनो, सरकारी वकील, समन्स बजावणारा हवालदार दिला नाही, तर तारखा वाटायला आणखी एक खुर्ची मिळते एवढंच.

पोलिसांबाबत 2006 च्या प्रकाश सिंग निकालात तपासाचं काम बंदोबस्तापासून वेगळं करा असं सांगितलं होतं. गणपती, निवडणूक, आषाढी वारी, कोणताही बंदोबस्त आला की तपास थांबतो. मग दोषारोपपत्राची मुदत संपते त्या साठाव्या किंवा नव्वदाव्या दिवसाच्या आदल्या रात्री दोषारोपपत्र शिवलं जातं, आणि पुढे खटल्यात पंच फितूर झाला की सगळे न्यायालयाकडे बोट दाखवतात. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायलाच हवं, ही नव्या संहितेतली तरतूद चांगली आहे. ती पूर्ण अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलीय, तेवढ्यात प्रयोगशाळांतली माणसं वाढली तरच तिचा अर्थ.

आणि अटकेचं तर विसरलेच. तीन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तुमच्या मजुराला अटक करण्याची गरज होती का, हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधीचा. अर्नेश कुमार निकालाने 2014 मध्ये सांगितलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, कारणं लिहावी लागतात, एरवी हजर राहण्याची नोटीस द्यायची. नव्या संहितेत ती कलम 35 मध्ये आहे. 'पत्ता बाहेरगावचा, फरार होईल' एवढ्या एका ओळीवर ती नोटीस बाजूला पडते. गावच्या पोलीस पाटलांना विचारलं असतं तर बहुधा दुसरी ओळ लिहिली गेली असती.

कोणी म्हणेल, हे सगळं आरोपीचं झालं, ज्याची मोटार गेली त्याचं काय? रास्त आहे. त्या शेतकऱ्याला मोटार परत हवी असते, आणि जप्त झालेली मोटार मुद्देमाल म्हणून ठाण्यात गंजत पडते तेव्हा त्याचं पाणी बंद असतं. त्याने मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज लगेच करावा, फोटो आणि पंचनामा करून वस्तू ताब्यात देता येते. आरोपी आणखी तीन महिने आत राहिल्याने त्याच्या विहिरीवर पाणी येत नाही.

तर आता तुम्ही काय करायचं. पहिलं, त्याचा कैदी क्रमांक आणि सगळ्या गुन्ह्यांचे क्रमांक मिळवा, म्हणजे अडचण एका गुन्ह्याची आहे की जास्त, ते कळेल. ई-कोर्ट्सवर नावाने शोधता येतं. दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यासाठी कोणी अडवलं तर ऐकू नका. अर्जात जामीन मंजूर झाल्याची तारीख आणि 31 जानेवारी 2023 च्या आदेशाचा उल्लेख ठळक करा.

लोकअभिरक्षकांना दोन पर्यायी मागण्या करायला सांगा: स्थानिक जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सुटका, किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 490 खाली जामीनदाराऐवजी थोडी रोख रक्कम भरण्याची परवानगी, सोबत जामीनदार द्यायला काही आठवड्यांची मुदत. न्यायदंडाधिकाऱ्यांनी नाही म्हटलं तर रक्कम किंवा अट कमी करण्यासाठी कलम 484 खाली सत्र न्यायालयात जाता येतं. अर्जासोबत तुमच्या चुलत्यांचं एक साधं शपथपत्र जोडा: हा माणूस अमुक वर्षं माझ्याकडे कामाला आहे, खळ्यावरच्या खोलीत राहतो, सुटल्यावर तिथेच राहील, त्याचा आणि माझा फोन नंबर हा. भगवतींच्या यादीतल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यात येतं, आणि जामीन राहण्यापेक्षा शपथपत्र देणं गावात कमी अवघड जातं.

रोख रकमेचीच अडचण असेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना 2023 पासून आहे. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्यासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि दंड न भरता आल्याने अडकलेल्या, शिक्षा झालेल्या कैद्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत तरतूद होती. जिल्हा पातळीवरची समिती ती मंजूर करते, साध्या चोरीचा गुन्हा त्यात बसतो. पैसे तुम्ही भरलेत तर कोर्टाच्या नाझरकडची (पैसे जमा करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडची) पावती घ्या, तिची झेरॉक्स वकिलांच्या फाइलला लावा आणि मूळ पावती चुलत्यांकडे ठेवा. खटला संपल्यावर ती रक्कम परत मागता येते, आणि तेव्हा पहिली गोष्ट मागतात ती हीच पावती.